स्वॉन्झीला शिकायला जाताय? ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारआधी उरकायची कामं

दक्षिण वेल्सच्या किनाऱ्यावरचं स्वॉन्झी विद्यापीठ १९२० सालचं. त्याचे दोन मुख्य कॅम्पस. सिंगलटन हा जुना, बागेच्या कडेला. समोरचा रस्ता ओलांडला की वाळू. दुसरा बे कॅम्पस, २०१५ मध्ये सुरू झालेला, शहराच्या पूर्वेला फेबियन वेवर, अगदी किनाऱ्याला टेकलेला. माहितीपत्रकातला उन्हातला समुद्र खोटा नाही, पण तो सप्टेंबरचा आहे. नवी मुलं सप्टेंबर फिरण्यात घालवतात आणि कंटाळवाणी कामं ‘बघू नंतर’ म्हणत पुढे ढकलतात. मग ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि सूर्य पाचच्या आत मावळायला लागतो. त्याच सुमारास पहिल्या असाइनमेंटची तारीख येते, खोलीच्या कोपऱ्यात ओल दिसू लागते, घसा धरतो आणि तेव्हा आठवतं की डॉक्टरकडे नाव नोंदवायचं राहूनच गेलं. यातली एकेक गोष्ट किरकोळ आहे. एकाच आठवड्यात सगळी अंगावर आली की भलेभले खचतात. म्हणून तो रविवार कॅलेंडरवर आत्ताच लाल करून ठेवा आणि पुढे दिलेली कामं त्याच्या आत उरका.

निघण्यापूर्वी

पहिलं काम दातांचं. व्हिसाच्या अर्जासोबत तुम्ही इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज भरता: विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. एका वर्षाच्या मास्टर्सला व्हिसा साधारण सोळा महिन्यांचा मिळतो, म्हणून दीड वर्षाचे १,१६४. या पैशांत जीपी म्हणजे तिकडचा फॅमिली डॉक्टर, हॉस्पिटल आणि मानसोपचार हे सगळं येतं. दातांच्या उपचाराला मात्र वेगळे पैसे पडतात आणि एनएचएसचा म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचा दंतवैद्य मिळणं हे एक दिव्यच आहे. अर्धवट राहिलेलं रूट कॅनाल, दुखरी अक्कलदाढ इथेच निस्तरून जा.

नेहमीच्या गोळ्या असतील तर तीन महिन्यांच्या न्या, मूळ पाकिटातच. सोबत डॉक्टरांच्या लेटरहेडवर चिठ्ठी हवी आणि तिच्यात ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव हवं; ‘क्रोसिन’ म्हटलं तर तिकडे कुणाला कळत नाही, पॅरासिटामॉल म्हटलं की कळतं. ट्रॅमाडॉल, कोडीन ही वेदनाशामकं, झोपेच्या किंवा घबराटीच्या काही गोळ्या यांवर तिकडे निर्बंध आहेत, त्यामुळे त्या चिठ्ठीशिवाय बॅगेत टाकू नका. आणि नैराश्य किंवा चिंतेची औषधं चालू असतील तर ‘नवी जागा, नवी सुरुवात’ म्हणून ती विमानतळावर सोडून देऊ नका. ही चूक फार होते आणि तिचे परिणाम काही दिवसांत किंवा काही आठवड्यांनी, कधी नेमके घड्याळं मागे जाण्याच्या सुमारास दिसतात.

एमएमआर म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचे दोन डोस झालेत का ते पाहा. मेंदूज्वराची मेनएसीडब्ल्यूवाय लस राहिली असेल तर पंचविशीच्या आतल्या नव्या विद्यार्थ्यांना ती तिकडे जीपीकडे मोफत मिळते. वसतिगृहात हा आजार पटकन पसरतो, त्यामुळे टाळाटाळ नको.

छत्री नेऊ नका. बे कॅम्पसच्या वाऱ्यात ती पहिल्याच दिवशी उलटी होते. टोपीचं वॉटरप्रूफ जॅकेट तिकडे गेल्यावर घ्या. इथलं जाड लोकरी जॅकेट भिजलं की दोन दिवस वाळत नाही.

पहिला आठवडा

१. विद्यापीठात नोंदणी झाली की पत्ता असलेलं विद्यार्थी-पत्र मागून घ्या. बँक खात्यालाही तेच लागतं.

२. पत्त्याच्या हद्दीतल्या जीपीकडे नाव नोंदवा. तब्येत ठणठणीत असतानाच. पैसे लागत नाहीत. नोंदणीचे कागद पुढे सरकायला वेळ लागतो, त्यामुळे ताप आल्यावर धावपळ केली तर उपयोग होत नाही. फॉर्ममध्ये जुने आजार, ॲलर्जी, चालू औषधं खरीखुरी लिहा; ती माहिती आईवडिलांकडे किंवा व्हिसा खात्याकडे जात नाही.

३. जवळचं औषधांचं दुकान बघून ठेवा. जीपीने लिहून दिलेली औषधं वेल्समध्ये मोफत आहेत, इंग्लंडमध्ये नाहीत. कार्डिफचा आणि लंडनचा मित्र वेगवेगळं सांगतात ते यामुळे. शिवाय घसादुखी, डोळे येणं, गजकर्ण अशा किरकोळ तक्रारींवर इथला फार्मासिस्ट नाव नोंदवून थेट औषध देतो, तेही फुकट. अँटिबायोटिक मात्र आपल्याकडच्यासारखं काउंटरवर मागून मिळत नाही.

४. फोनमध्ये चार गोष्टी साठवा. ९९९: जिवावरचं संकट, आणि समुद्रावर असाल तर याच नंबरवर ‘कोस्टगार्ड’ मागायचा. १११: तब्येतीचा सल्ला. १११ लावून २ दाबा: मानसिक आरोग्याचा तातडीचा कक्ष, वेल्सभर, रात्रंदिवस. ११६ १२३: समॅरिटन्स, मोफत, नुसतं बोलायला.

५. सिंगलटन हॉस्पिटल कॅम्पसला लागून आहे म्हणून लोक रात्री तिकडेच धावतात. तिथे अपघात आणि आपत्कालीन विभाग नाही. तो मॉरिस्टन हॉस्पिटलमध्ये, शहराच्या उत्तरेला आहे. टॅक्सीवाल्याला नाव नीट सांगा.

समुद्र, कारण पहिल्या रविवारी तुम्ही तिकडेच जाणार

कोकणातल्या, गोव्यातल्या मुलांना इथे जरा जास्तच आत्मविश्वास असतो. समुद्र पाहिलेला असतो, पण हा नाही. स्वॉन्झीचा उपसागर ब्रिस्टल खाडीच्या उत्तर काठावर आहे आणि त्या खाडीतली भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी. मुंबईत पावसाळ्यात ‘४.९ मीटरची भरती’ अशी बातमी येते. इथे उधाणाला आकडा नऊ मीटरच्या वर जातो. ओहोटीला पाणी इतकं दूर जातं की किनाऱ्यावरून दिसतसुद्धा नाही आणि मागे सपाट ओली वाळू, मध्येमध्ये मऊ चिखल उरतो. त्यावर फिरायला मजा येते. परतताना पाणी सरळ रेषेत येत नाही, आधी कडेच्या चरांतून घुसतं आणि तुमच्या पाठीमागे भरतं.

भरतीला साधारण सहा तास लागतात, पण पाणी सारख्या गतीने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात प्रत्येकी तीन, मग दोन, मग एक. म्हणजे आठ मीटरच्या उधाणात मधल्या दोनच तासांत चार मीटर पाणी चढतं. पहिला तासभर काहीच हलत नाही असं वाटतं आणि लोक त्यालाच फसतात. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन दिवसांत हा खेळ सर्वांत जोराचा. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा जरा मवाळ.

तक्ता वाचताना एक खोच आहे. छापील तक्त्यात वेळा बहुधा जीएमटीत म्हणजे तिकडच्या हिवाळी वेळेत असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत त्यात एक तास मिळवायचा. मोबाइलवरच्या ॲपमध्ये तो आधीच मिळवलेला असू शकतो, म्हणून वरची ओळ वाचा. आणि भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते, तेव्हा काल चाललं ते आज त्याच वेळी चालेल असं नाही.

स्वॉन्झीला लागून असलेल्या गॉवर द्वीपकल्पात, रोसिली गावाजवळ वर्म्स हेड नावाचं खडकाळ टोक आहे. फोटोसाठी सगळे जातात. जाण्याची खडकांची वाट ओहोटीच्या आधी अडीच आणि नंतर अडीच तासच उघडी असते. पलीकडे अडकलात तर तिथेच थांबा आणि ९९९ लावा. पोहून किंवा कमरेभर पाण्यातून येण्याचा प्रयत्न करू नका. चिखलात पाय रुतला तर ओढाताण न करता मागे रेला, अंग पसरा आणि हाक मारा.

पोहायचं असेल तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये, जीवरक्षक असतानाच. पाणी ऑगस्ट-सप्टेंबरात सतरा अंशांच्या आसपास, मार्चमध्ये आठेक अंश. पंधरा अंशांखालच्या पाण्यात एकदम पडलात तर श्वास आपोआप धापेने आत ओढला जातो आणि त्याच धापेत पाणी नाकातोंडात जातं. तेव्हा हातपाय मारायचे नाहीत. डोकं मागे, कान पाण्यात, पोट वर, पाठीवर तरंगायचं. मिनिट-दीड मिनिटात श्वास ताब्यात येतो, मग हाक मारा किंवा काठाकडे या. हवा भरलेले गादी-चाक इथे पाण्यात नेऊ नका. जमिनीकडून वारा असला की ते पाहतापाहता आत जातं.

एवढं लिहिलं ते समुद्र टाळण्यासाठी नाही. हिवाळ्यात मन शाबूत ठेवायला या किनाऱ्यावरचा दुपारचा अर्धा तास इतर कशाहून कमी उपयोगी नाही. पण कोरड्या पायांनी, मम्बल्स गावाकडे जाणाऱ्या पायवाटेवरून.

खोली: ओल आणि फोडणी

कोकणातली ओल पावसाबरोबर बाहेरून येते. इथली बरीचशी आपणच आत तयार करतो. श्वास, अंघोळ, भात शिजताना सुटलेली वाफ हे सगळं थंड भिंतीवर जाऊन पाणी होतं आणि आठवड्याभरात कपाटामागे काळी बुरशी धरते. धुतलेल्या कपड्यांचं एक ओझं खोलीत वाळत घातलं तर सुमारे दोन लिटर पाणी हवेत जातं. चार मुलांच्या घरात आठवड्याला चार ओझी धरा.

उपाय: कपडे वाळवायचं मशीन, नाहीतर एकाच खोलीत, दार बंद आणि खिडकी थोडी उघडी ठेवून वाळत घालणं. रेडिएटरवर कधीच नको. रोज सकाळी दहा मिनिटं खिडकी सताड उघडा. थंडी वाजते, वाजू द्या. हीटिंग दिवसभर बंद ठेवून रात्री भडकवण्यापेक्षा खोली अठरा अंशांच्या आसपास ठेवलेली बरी, भिंत गारठत नाही. रेडिएटरच्या चकतीवर २ आणि ३ च्या मध्ये म्हणजे साधारण तेवढंच. कपाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर नाही, पण चार बोटं तरी पुढे ओढा. तरीही बुरशी आली तर तारखेसह फोटो काढून घरमालकाला ईमेल करा. फोनवर ‘हो हो बघतो’ एवढंच पदरात पडतं, पुरावा राहत नाही.

वसतिगृहात वेगळंच संकट. मोहरी-हिंगाची फोडणी, त्यात मिरची, वर दार उघडं: धूर कॉरिडॉरमधल्या फायर अलार्मपर्यंत पोहोचतो आणि पूर्ण इमारत रात्री अकराला पायजम्यात खाली उभी राहते. ती ओळख पुसायला सेमिस्टर जातं. स्वयंपाकघराचं जाड दार बंद ठेवा, ते उघडं राहावं म्हणून खुर्ची लावू नका, पंखा आधी लावा, मग तेल. तेल धुरकट होण्याआधीच मोहरी टाका. खोलीत उदबत्ती, निरांजन, पणती यांना मनाई असते. दिवाळीला विजेच्या माळा. खोलीत राइस कुकर सापडला तर तोही जप्त होतो.

मासे खाणाऱ्यांनी शहराच्या मध्यावरचं स्वॉन्झी मार्केट गाठावं. जवळच्या पेनक्लॉथ गावचे कॉकल्स मिळतात, आपल्या तिसऱ्या-खुब्यांच्या भावकीतले. ते उकडूनच विकतात, म्हणून कांदा-खोबऱ्याचं वाटण पूर्ण शिजवून घ्या आणि कॉकल्स शेवटच्या दोन मिनिटांत टाका, नाहीतर रबर होतं. घरच्या चवीचं काहीतरी आठवड्यातून एकदा चौघांनी मिळून रांधणं, हे आम्ही गंमत म्हणून सांगत नाही. एकटं राहून ब्रेड-अंड्यावर आठवडे काढणाऱ्यांची घसरण तिथूनच सुरू होते.

बाहेर घर घेणार असाल (ब्रिनमिल, अपलँड्स, बे कॅम्पससाठी सेंट थॉमस) तर घर न पाहता पैसे पाठवू नका. वेल्समध्ये एजंटला वेगळी फी घेता येत नाही, अनामत तीस दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा व्हावी लागते आणि घरमालकाचं नाव रेंट स्मार्ट वेल्स या घरमालकांच्या नोंदणी-यंत्रणेच्या यादीत असावं लागतं. ती यादी कुणालाही पाहता येते. नोव्हेंबरमध्येच ‘पुढच्या वर्षीची घरं संपली’ अशी हूल उठते. एका वर्षाच्या मास्टर्सवाल्यांनी त्या गर्दीत सही करून बसू नये.

पैसा आणि काम

शिक्षणकाळात आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास काम, आठवडा सोमवार ते रविवार. दोन नोकऱ्या असतील तर दोन्हींची बेरीज. मास्टर्सला उन्हाळ्यातला प्रबंधाचा काळही शिक्षणकाळच धरतात. जेवण पोहोचवणाऱ्या ॲपचं काम स्वयंरोजगारात येतं आणि स्टुडंट व्हिसावर ते चालत नाही. दुसऱ्याचं खातं भाड्याने घेऊन ते करणं म्हणजे कर्ज काढून मिळवलेला व्हिसा पणाला लावणं. ‘तुझ्या खात्यातून पैसे फिरव, दोनशे पौंड घे’ म्हणणारा भेटला तर तो मित्र नाही.

घड्याळ मागे गेल्यावर

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सव्वाआठच्या सुमारास उगवतो आणि चारनंतर लगेच मावळतो. दिवस जेमतेम आठ तासांचा, तेव्हा मुंबईत अकरा असतात. नऊ ते चार लेक्चर आणि लायब्ररी केलीत तर आठवडाभर ऊन दिसतच नाही. म्हणून दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतला अर्धा तास बाहेर, ढग असले तरी. जागं होण्याची वेळ एकच ठेवा. रात्री तीनला झोपून अकराला उठलात तर आठातले तीन तास अंथरुणात गेले.

ड जीवनसत्त्वाची रोज १० मायक्रोग्रॅमची म्हणजे ४०० युनिटची गोळी घ्या. सावळ्या कातडीला तर वर्षभर घ्यायला सांगतात. इथे एक चूक ठरलेली: घरून साठ हजार युनिटच्या पुड्या येतात आणि मुलं त्या रोजच्या गोळीबरोबर दर रविवारी घेतात. त्या पुड्या रक्ततपासणीत कमतरता निघाल्यावर ठराविक आठवड्यांसाठी असतात. तपासणीशिवाय नको. शाकाहारींनी बी-१२ कडेही लक्ष ठेवावं.

फोनचं गणित बदलतं. उन्हाळी वेळेत भारत साडेचार तास पुढे, घड्याळ मागे गेलं की साडेपाच. संध्याकाळी सात वाजता तुम्ही मोकळे होता तेव्हा घरी रात्रीचे साडेबारा. आई जागी राहते, तुम्ही अपराधी वाटून घाईत बोलता, मग फोन टाळला जातो. त्यापेक्षा सकाळी आठ (तिकडे दुपारचे दीड) किंवा शनिवार-रविवारची दुपार ठरवून टाका आणि रोजच्या ऐवजी आठवड्यातून तीनदा, निवांत.

अठ्ठावन्न गुण

नोव्हेंबर-डिसेंबरात पहिले गुण येतात आणि नव्वदीची सवय असलेला मुलगा ५८ पाहून ढासळतो. मास्टर्सला ५० ला उत्तीर्ण, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. पदवीला ४० ला उत्तीर्ण आणि ७० ला प्रथम वर्ग. ८० च्या वर क्वचितच कुणाला मिळतात. ५८ म्हणजे पास, आणि वर चढायला जागा. हे घरीही आधीच सांगून ठेवा, म्हणजे व्हॉट्सॲपवर चौकशी समिती बसत नाही.

आजारपण, घरचं संकट यामुळे असाइनमेंट होत नसेल तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपण्याआधी, पुराव्यासह. मागाहून कारण पटवणं फार अवघड. लेक्चर चुकवून खोलीत पडून राहण्यात दुहेरी तोटा आहे: हजेरीची नोंद व्हिसाशी जोडलेली असते. एक ओळीचा ईमेल पर्सनल ट्यूटरला म्हणजे तुम्हाला नेमून दिलेल्या प्राध्यापकाला गेला तरी चक्र फिरतं. वर्ष मध्येच थांबवायचा विचार असेल तर आधी विद्यापीठातल्या व्हिसा-सल्लागाराशी बोला, अर्ज नंतर.

मन फारच जड झालं तर

जीपीच्या अपॉइंटमेंटसाठी सकाळी त्यांची फोन लाइन सुरू होताच फोन लावा, त्या दिवसाच्या जागा लवकर संपतात. रिसेप्शनिस्ट कारण विचारते ते योग्य माणसाकडे पाठवण्यासाठी. ‘मेंटल हेल्थ’ एवढे दोन शब्द पुरतात. ‘मन लागत नाही’, ‘छातीत कालवतं’ याला इंग्रजी पटकन सुचत नाही, म्हणून कागदावर लिहून न्या: किती आठवड्यांपासून, रात्री किती तास झोप, दिवसाला किती वेळा जेवण, किती लेक्चर बुडाली, आणि जगू नये असं मनात येतं का. शेवटचा प्रश्न डॉक्टर विचारतीलच. तेव्हा खरं उत्तर द्या. दुभाषा हवा असेल तर आधी सांगून मागता येतो. विद्यापीठाचं समुपदेशन मोफत असतं, पण सेमिस्टर अखेरीस रांग लांबते, म्हणून नोव्हेंबरातच नाव द्या. उपचार घेतल्याने व्हिसा जात नाही. जिवाला धोका असेल तेव्हाच तुमची माहिती इतरांना सांगितली जाते.

मित्र असा झाला असेल तर ‘काही होत नाही रे’ म्हणू नका. सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, १११ लावून २ दाबा आणि फोन स्पीकरवर ठेवा. हाताशी गोळ्या किंवा काही असेल, तो काठाकडे निघाला असेल, तर थेट ९९९.

मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं पुन्हा पुढे जातील. त्या दिवशी दोन बदल करायचे: घरच्या फोनची वेळ एका तासाने सरकवायची आणि छापील भरतीच्या तक्त्यात पुन्हा एक तास मिळवायला सुरुवात करायची.